त्यो वास पिठल्याचा न्हवता!

...न्हाई न्हाई न्हाई, पिठलं माझं लागलंच न्हवतं! आजपातूर लागलं न्हाई! पर आमच्या पाली गावात कुनालाबी इचारा, 'सुलक्षणानं त्या रविवारी पिठलं करपावलं' असंच सांगंल. राजगडावरनं उतरलेला मानूस बूट काढायच्या आदी इचारतो, "काकू, आज पिठलं बरं आहे ना?" आता तुमीच सांगा, माझं काय चुकलं?

समदं सुरू झालं आमच्या ह्यांच्यापासनं. गाव त्यांना गोरखभाऊ म्हनतं. मानूस लाखमोलाचा, पर मोबाईलवर काय बघत्याल आन् घरात काय आनत्याल, नेम न्हाई! मागं मशरूम लावली, मग ससं पाळलं... आन् येक दिवस पुन्याहनं टेम्पोतनं खोकी उतरवली. म्या म्हटलं, ह्ये काय? तर म्हनं, "ग्राफिक कार्डं! सहा हायती!" म्हंजी पोरं कम्प्युटरवर मारामारीचा खेळ खेळत्यात न्हाई का, त्यात चित्र पळवायला असत्यात ती. म्हटलं, आता ह्या वयात तुमी मारामारी खेळनार? "आगं येडे, ह्यांच्याकडनं रातंदिस गनितं सोडवून घ्यायची, मग इंटरनेटवरचं नानं मिळतं." म्हटलं, बघू की कसलं नानं. "त्ये दिसत न्हाई गं!" घ्या! दिसत न्हाई त्ये कमवायला दिसत व्हती ती खोली अडवली! ट्रेकवाल्यांच्या मुक्कामाची खोली वो, माझी! भिंतीला भिंत लावून माझं स्वैपाकघर, आन् पल्याड कडबा रचलेला.

बरं, मांडलं तर मांडलं, नीट मांडावं का न्हाई? भिंतीतनं करंट घिऊन कार्डांना वाटायचा येक लोखंडी डबा असतो, पावर सप्लाय म्हनत्यात त्याला. ह्यांनी सहाच्या सहा कार्डं लावली येका डब्याला! म्हंजी पंगत सहा जनांची आन् वाढायला येकच मानूस... त्यात पिना पुरंनात. मग काय, येका पिनंला दोन फाटं, त्या फाट्याला आनि दोन फाटं! आन् डब्याची वायर कुटं खुपसली? माझ्या स्वैपाकघरातल्या बोर्डात! जितं फ्रिज, जितं मिक्सर! म्या वायरीला हात लावला... गरम! म्हटलं, आवो, वायर तापतीया. तर आमचं ह्ये काय म्हनत्यात? "कामाला लागलं की मानूसबी तापतो." आता तुमीच सांगा, माझं काय चुकलं?

आला रविवार. वसरी मानसांनी भरल्याली, चुलीवर पिठलं रटरटतंय, मी भाकरी थापतीया, आन् आला वास. करपल्याला! सासूबाई कोपऱ्यातनं वरडल्या, "सुले, पिठलं लावलंस!" म्या म्हटलं, आत्याबाई, म्या न्हाई, तुमीच जाळ वाढीवला! "मी? मी तर हितं कांदं चिरतीया! माझ्या हातचं पिठलं उभ्या जल्मात लागलं न्हाई!" मग माझ्या हातचं लागलंय व्हय! झालं, जुंपली की आमची! आन् भाईर वसरीत येक पुन्याचा गडी डोळं मिटून काय म्हनतोय, "वा! चुलीचा काय सुंदर वास येतोय!"

चुलीचा? म्या पळी घालून तळ बघितला... स्वच्छ! मग वास कुटला? मागं वळून बघती, तर बोर्ड काळा पडलाय, आन् शेजारच्या खोलीच्या दारातनं निळा धूर! पल्याड कडबा, अल्याड गॅसची टाकी, आन् वसरीत लोकांची लेकरं! म्या बोंब मारली, "समदी अंगनात चला!" आन् सासूबाई घागर उचलून निगाल्या खोलीकडं. "आत्याबाई, पानी नगं! करंट हाय!" त्यांना कवळा घालून मागं वढलं, कोपऱ्यातली काठी घेतली आन् मेन स्विच खाली पाडला. धूर कमी झाला, तरी कार्ड जिच्यावर बसवत्यात त्यातली येक पट्टी पेटल्यालीच व्हती. आमच्या ह्यांनी परसातली माती पाटीभरून आनून टाकली. तोंड काय झालं व्हतं त्यांचं! आन् सासूबाईंनी माझा हात जो धरला, त्यो सोडंनात. भांडनबिंडन समदं इसरल्या... म्हटलं, बरं झालं. तर त्या हळूच म्हनत्यात, "पर सुले, पिठलं बघ, लागंल."

दुसऱ्या दिवशी भोरहून यास्मिन आली. तिचं कम्प्युटरचं दुकान हाय, आन् तोंड... आमच्या सासूबाईबी तिच्याम्होरं गप बसत्यात! आल्या आल्या जळल्याली पिन धरली आमच्या ह्यांच्या नाकाफुडं. "गोरखभाऊ, ही पिन कार्डाची न्हाई! बारक्या कामाची हाय! शेळीला नांगर जुंपलाय तुमी! आन् घर जळलं असतं तर वहिनीला काय तोंड दावलं असतं? बोला की!" मग तिनं दोन सप्लाय लावलं, तीन-तीन कार्डं येकेकावर. परत्येक कार्डाला सप्लायपासनं आपली सोताची केबल, फाटं बंद! कार्ड ज्या सप्लायवर, त्याच्या खालची पट्टीबी त्याच सप्लायवर. आन् सप्लायवर आकडा लिवलाय म्हनून तितका समदा करंट वढायचा न्हाई, थोडी जागा राखायची. वायरमन आनून मीटरपासनं येगळी जाड लाईन, येगळा स्विच, भाईर अर्थिंगचा खड्डा. कडबा हालीवला. गरम हवा भाईर फेकायला मोठा पंखा. आता वायरीला हात लावा... गार!

मग सुकानं चाललं का? चाललं की! पर त्या नान्याचा भाव पडला म्हनं. दिसत न्हाई त्ये पडलं कुटं, कुनाला ठावं! आमचं ह्ये म्हनलं, "इकून टाकू." म्या मनात पेढं वाटलं! माझी खोली मोकळी! गिऱ्हाईकबी दारात आलं, आन् सासूबाई उंबऱ्यावर आडव्या. "खबरदार हात लावशीला तर!" का वो आत्याबाई? तर थंडी पडल्यापासनं म्हातारी रोज दुपारी त्या पंख्याच्या तोंडाशी पाय पसरून बसतीया, गुडघं शेकत! "गोळ्यांनी झालं न्हाई त्ये ह्या कार्डांनी झालं, मी आता देवळापातूर चालत जाती!"

गेलं गिऱ्हाईक माघारी. आता बघा, सहा कार्डं, दोन सप्लाय, मीटरपासनं येगळी लाईन, अर्थिंगचा खड्डा... समदं कशापायी? दोन गुडघ्यांपायी! आता तुमीच सांगा, माझं काय चुकलं?

आन् काल म्हातारी म्हनती, "सुले, डाव्या गुडघ्याला ऊब कमी येती गं... आनि येक कार्ड बसतंय का बघ की."

काय करता! लावला फोन. म्हटलं, यास्मिन, येताना तिसरा सप्लाय घिऊन ये बाई.