गेमचा चार्जर आणि माझी वीस पावलं

भाव करण्यात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं, हे तुम्हाला ठाऊकच हाय. पण एकदा ते लई महागात पडलं.

पोरीची दहावी झाली होती. दुसऱ्या दिवशी ती क्लाससाठी नांदेडहून लातूरच्या होस्टेलला निघणार होती. तिला मामानं दिलेल्या, हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेमचा चार्जर जळाला होता. सगळा बाजार पालथा घातल्यावर एका दुकानात सापडला.

दुकानदार म्हणाला, "छापील किंमत सहाशे. डिस्काउंट धरून चारशे. शेवटचाच पीस हाय."

"तीनशे," मी म्हणालो.

"परवडत न्हाई, साहेब."

मग मी नेहमीचं केलं. पोरीचा हात धरला आणि हळूहळू चालू लागलो. दहा पावलांत मागून हाक येतेच. पंधरा झाली, वीस झाली.

"पप्पा, ते बोलवत नाहीत."

"वळून बघू नको. भाव वाढंल."

कोपऱ्यावर शेवटी मीच वळलो. आमचा चार्जर दुसऱ्याच्या पिशवीत चालला होता.

पोरगी रडली नाही. सकाळी गेम कपाटात ठेवत म्हणाली, "राहू द्या पप्पा, तिथं अभ्यासच करायचा हाय." होस्टेलातले रविवार तिनं कसे काढले, मी कधी विचारलं नाही.

आता ती कमावते. परवा दोघं बाजारात गेलो. दुकानदारानं भाव सांगितला, तिनं लगेच पैसे काढले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं माझा हात घट्ट धरला.

"पप्पा, तुम्ही इथंच उभे राहा."