चित्रातलं आभाळ

तुम्ही हसाल, पण निवृत्तीनंतर मी महाडला चित्रांच्या रसग्रहणाचा वर्ग लावला होता. नावामागे पीएचडी असलेला माणूस इथे नापास झाला तर बाजारपेठेतून फिरायची सोय राहणार नाही, या धास्तीने बाईंचा शब्द न् शब्द उतरवून मी तीन वह्या भरल्या.

परीक्षेत वर्गातल्या भिंतीवरच्या एकुलत्या एका चित्रावर बोलायचं होतं. चित्र म्हणजे नुसते रंगांचे फटकारे. मी घाम पुसत म्हणालो, "वरचा हा तपकिरी पट्टा म्हणजे दाटून आलेलं आभाळ. चित्रकाराची सारी अस्वस्थता त्यात उतरली आहे."

बाई डोळे मिटून मान डोलवत होत्या. तेवढ्यात मागच्या बाकावरून तुडीलचे ट्रकवाले हमीदभाई बोलले, "सर, आभाळ नाय, पुराचा गाळ हाय तो. आमच्या फ्रीजवर पण तसाच हाय."

वर्ग खिदळला. तरी मी रेटून म्हणालो, "अहो, गाळ चित्राच्या वरच्या बाजूला कसा असेल?"

"तेच सांगतोय ना! पाणी खालनं चढतं. पूर ओसरल्यावर कोणीतरी चित्र उलटं टांगलंय."

बाईंनी चित्र उतरवून फिरवलं आणि खालच्या कोपऱ्यातला गाळ नखाने खरवडला. आत चित्रकाराची सही होती, अगदी सुलट.

मी नापास होणार, हे मी धरूनच चाललो होतो. पण बाईंनी मला पहिल्या वर्गात पास केलं. करणार काय, ते आभाळ त्यांच्याच व्याख्यानातलं होतं.