पंपघराच्या भिंतीवरचा पहिला नंबर

आणि पेन्सिलीने लिहितात हो! तुम्हाला सांगतो, भविष्य सांगायचं आणि तेही पेन्सिलीने, म्हणजे उद्या खोटं ठरलं की थुंकी लावून पुसायला मोकळे! आमच्या मित्स्पे रामोनच्या कामगार क्लबात बास्केटबॉलचा सीझन सुरू व्हायच्या आधी सेक्रेटरी योराम दरसाल एक कागद टांगतो. इस्राएलच्या नेगेव वाळवंटातल्या आठ गावांच्या आठ टीम, कोण कितवा येणार ते ज्याने त्याने लिहायचं. आता हा त्रेसष्टचा कागद मी बघतो तर काय… वरपासून खालपर्यंत सगळ्यांचं एकमत, पहिली दिमोना आणि आठवे आम्ही. आठवे का? तर नववा नंबर नाही म्हणून!

मी म्हटलं, योराम, आमचा पहिला. लिहून ठेव.

तर तो हसला. हसला म्हणजे कसा, आधी कागदाकडे बघून, मग माझ्याकडे बघून, मग माझ्या पोटाकडे बघून. म्हणतो, "मोर्देखाय, तू होदूचा, इंडियाचा. तिकडे हत्ती, क्रिकेट, हॉकी… बास्केटबॉल तुला काय ठाऊक?" आता ह्या माणसाला काय सांगायचं? अरे, हा मोर्देखाय झिराडकर नागपाड्याच्या ग्राउंडवर वाढलाय! तू तेल अविवला बाटलीने दूध पीत होतास तेव्हा मी डाव्या हाताने बास्केट घालत होतो, एका पायात बूट आणि दुसरा पाय अनवाणी, कारण दुसरा बूट माझ्या भावाच्या पायात, आणि भाऊ त्याच टीममध्ये! तर म्हणतो, "पुरावा आहे?" पुरावा! ह्या देशात आम्हा बेने इस्राएलांकडे हल्ली जो तो पुरावाच मागतो. लग्न नोंदवायला जा, आजीची आजी यहुदी होती ह्याचा पुरावा. कोकणात आमचे बापजादे तेल गाळायचे, शब्बाथ पाळून शनिवारी घाण्याला बैल जुंपत नव्हते, सगळा गाव त्यांना शनवार तेली म्हणायचा, आणि इथे येऊन पुरावा! लग्नाला मागितला तो मागितला, आता बास्केटबॉललासुद्धा?

झालं, माझं डोकं फिरलं. आणि डोकं फिरलं की मी काय करतो? रंगवतो. वीस वर्षं परळच्या रेल्वे वर्कशॉपात मालगाडीच्या वाघिणींवर नंबर घातलेत मी, इथे खाणीच्या लॉऱ्यांवर घालतो. ब्रश उचलला आणि ग्राउंडमागे ती पंपघराची भिंत आहे ना, तिच्यावर आधी प्रायमर, वर दोन हात पांढरा, तो वाळल्यावर पुरुषभर उंचीची काळी अक्षरं, 'पहिला नंबर मित्स्पे रामोन', आणि वर वार्निश. आमची येहुदित चहा घेऊन आली, वर बघितलं, म्हणाली, "अहो, खडूने लिहायचं होतं." खडूने! वीस वर्षं संसार करून ही बाई मला खडू सांगते. अगो, हा वाघिणीचा रंग, मुंबईच्या पावसात वीस वर्षं उडत नाही आणि इथे तर पाऊसच नाही! एलातला जाणारी प्रत्येक बस इथे थांबते, प्रत्येक उतारू पाय मोकळे करत वाचतो. वाचू दे. लिहून ठेवा, म्हटलं, पहिला!

आता तुम्ही म्हणाल, झिराडकर हवेत बोलला. बोललो हवेतच, पण हवा आमची आहे! आमचं ग्राउंड दरीच्या अगदी कडेला, दुपारी वारा सुटतो तो असा की बॉल सरळ टाकलात तर बेरशेबाला जायचा. आमच्या पोरांना ठाऊक, दोन हात डावीकडे टाकायचा, वारा आणून सोडतो. बाहेरच्या टीमला काय ठाऊक? ती बिचारी बॉल दरीत जाईल म्हणून पोटाशी धरून उभी. आणि वाऱ्याच्या जोडीला आमचा अमोस! मोरोक्कोचा पोरगा, खाणीत लॉरी चालवतो, टीमचा सेंटर, सहा फूट तीन इंच, लॉरीत बसला की गुडघे कानाला लागतात. बाकीचे चौघे सोडा, ते अमोसला बॉल द्यायला ठेवलेत. अमेरिकेत म्हणे प्रोफेशनल असतात, खेळायचाच पगार घेतात. आमचा अमोस दिवसभर दगड वाहतो आणि मग उडी मारतो! दोन महिने मी त्याला नागपाड्याचा हुक शॉट शिकवला, शिकवून झालं की घरी जेवायला आणला, येहुदितने बर्फातल्या माशाचं तिखट कालवण घातलं, त्याच्या डोळ्यांतून पाणी, तरी आणखी मागतो. मला वाटलं, काय खेळाची आवड पोराला! आणि वाढायला कोण? आमची लेक शुलामित.

एक दिवस शुलामित म्हणते, "पप्पा, मला सांगायचंय… अमोस वे-अनी…" मराठीत सुरू केलेलं वाक्य ही पोरगी मराठीत कधी संपवणार नाही, पण अमोस आणि मी, एवढं हिब्रू मला येतं.

बरं, मी तर खूश! टीमचा सेंटर घरातच आला! येहुदितने मुंबईहून आणलेला पोह्यांचा शेवटचा डबा फोडला, आमच्या एलियाहू हनाबी पैगंबराच्या नावाने मलिदा केला, पोह्यांत साखर, खोबरं, फळं, सगळी टीम बोलावली. आणि मलिदा तोंडात असताना अमोस मान खाली घालून म्हणतो, "दिमोनाच्या कापडगिरणीत काम मिळालंय. दोन खोल्याही देतात. या आठवड्यात लग्न, पुढच्या आठवड्यात तिकडे… आणि त्यांच्या टीममधून खेळणार."

दिमोना! कागदावर आधीच पहिली असलेली दिमोना! माझा हुक शॉट घेऊन चालला, आमचा वारा घेऊन चालला, दोन हात डावीकडचं सगळं गुपित घेऊन चालला! माझ्या ओठांवर आलं होतं, मग मुलगी मिळणार नाही. खोटं कशाला सांगू, आलं होतं.

पण मलिद्याच्या आधीच्या आठवड्यात काय झालं ते ऐका. दोघं लग्न नोंदवायला गेली. कारकून शुलामितकडे बघतो, म्हणतो, "मुलगी होदूची? आजीच्या आजीचे कागद आणा. सव्लानुत, धीर धरा, वर्षभरात बघू." माझी पोर रडायला लागली. अमोसने काय केलं? खुर्ची ओढली, ऑफिसच्या दारात ठेवली आणि बसला. एवढा थोरला माणूस, दार बंद! "लिहा, नाहीतर उठत नाही." तीन दिवस बसला हो. शुलामित डबा नेऊन देत होती. तिसऱ्या दिवशी लिहिलं त्यांनी… आणि शाईने लिहिलं!

आता सांगा, जो माणूस माझ्या पोरीसाठी तीन दिवस दारात बसला, त्याला मी काय सांगू, बास्केटसाठी थांब? म्हटलं, बेसेदेर, बाबा. ठीक आहे. घे, आणखी मलिदा घे. आणि मी आत जाऊन थोडा रडलो. पोरीसाठी की सेंटरसाठी, ते विचारू नका.

तर काल योराम आला. "मोर्देखाय, मंगळवारी सीझनची पहिली मॅच. इथेच, दिमोनाशी. ती भिंत पुसून टाक." पुसू? मी पुसू? झिराडकर पुसत नाही! आणि पुसणार कशाने? घासलेटने निघाला तर तो वाघिणीचा रंग कसला? गेलो भिंतीसमोर, उभा राहिलो. येहुदित मागून आली, चहाचा कप हातात दिला, म्हणाली, "अहो, ह्यात साल कुठे लिहिलंय?"

मी वरपासून खालपर्यंत वाचलं. खरंच की! पहिला म्हटलंय, यंदाच म्हणून कुठे म्हटलंय? वीस वर्षांचा रंग आहे, घाई कोणाला? येणार म्हणजे येणार, लिहून ठेवा!

आणि यंदाचं विचारत असाल, तर यंदा आठवा. तेही लिहून ठेवा… पण पेन्सिलीने.