गोंद न लावलेला कप्पा

आई: काका, हा कप्पासुद्धा हलतोय.

सुतारकाका: हलू द्या हो ताई. पुस्तकं ठेवली की बसेल आपोआप.

आई: अहो, सात वर्षांची पोर आहे. ठकू त्याला लोंबकळल्याशिवाय राहणार आहे का? मुद्दाम तिच्या खांद्याइतका खाली घेतलाय, हवं ते स्वतःच्या हाताने काढता यावं म्हणून. आणि तुम्ही असा डुगडुगता बसवताय? गोंद लावलाय ना?

सुतारकाका: तो अंगणातला फळा कुठे म्हणालात? नळाच्या बाजूला की—

आई: फळ्याचं नंतर. गोंद लावलाय का?

सुतारकाका: स्क्रू आहेत की चार-चार.

आई: म्हणजे नाही लावला. काका, माझ्या स्वयंपाकघरातली कपाटं तुमच्याच हातची. सहा वर्षांत एक बिजागरी कुरकुरली नाही. इथेच काय झालं? कंटाळलात?

सुतारकाका: कंटाळा कसला! चाळीस वर्षं रंधा मारतोय, असलं अर्धवट काम आजवर केलं नाही. हातच नको म्हणतोय माझा. पण आपल्याला सांगितलं तसं करायचं.

आई: मी कधी सांगितलं?

सुतारकाका: तुम्ही नाही.

आई: मग कोणी?

सुतारकाका: ते तुम्ही नवराबायको आपसात बघा बाई. मला मधे घेऊ नका. आणा तो टेप इकडे.

आई: टेप मिळणार नाही. आधी बोला.

सुतारकाका: साहेब म्हणाले, गोंद नको, भिंतीत पक्कं काही नको. सगळं खोलून ठेवता आलं पाहिजे. शाळा उघडायच्या आत खोली मोकळी हवी.

आई: कुठली शाळा? शाळा हीच आहे काका. ही खोली, बाहेरचा कट्टा, ते वाफे. चिखल, रंग, पाणी, सगळा पसारा बाहेर. वाचायचं आत, खिडकीशी. तीन महिने मी कागदावर आखत बसले होते आणि तो माझ्यासमोर होता. दिवा कुठे हवा ते तर त्यानेच सांगितलं.

सुतारकाका: हो, मलाही म्हणाले, दिव्याची जागा मात्र नीट करा.

आई: मग उघडणार आहे ती कुठली?

सुतारकाका: मोठ्या रस्त्यावरची. ठकूची जुनी.

आई: छे! तुमचा काहीतरी घोळ होतोय. त्याच शाळेत तिचं तोंड मिटलं. बाईंनी वर्गासमोर उभं केलं, बोलल्याशिवाय जागेवर जायचं नाही म्हणाल्या. पोर घरी येऊनसुद्धा बोलेना. पाणी हवं असलं तरी बोट दाखवायची. तिथे तो तिला परत घालेल?

सुतारकाका: गणवेशाचं मापसुद्धा देऊन झालंय ताई.

आई: हे त्याने सांगितलं तुम्हाला?

सुतारकाका: नाही. ठकूने.

आई: ठकू तुमच्याशी बोलली?

सुतारकाका: परवा. मी फळ्या तासत होतो, ती डब्यात भुसा भरत होती. मागच्या दारापासून नळापर्यंत बावीस पावलं, असं मला मोजून दाखवलंन. मग एकदम म्हणाली, "काका, तुम्ही आई नाही ना?" म्हटलं, एवढ्या मिशा असलेली आई पाहिलीस कुठे? हसली नाही. म्हणाली, "मग तुम्हाला चालेल. बाबांनी मला शिंप्याकडे नेलं. आईला सांगायचं नाही. एक शब्द नाही."

आई: परवा.

सुतारकाका: दोन दिवस झाले, माझ्या पोटात राहीना ते. पण सांगायचं कुठल्या तोंडाने?

(बाबा आत येतात. हातात एक खोकं.)

बाबा: मिळाला एकदाचा! हवा तस्साच, मान वळणारा. चार दुकानं पालथी घातली बघ. काका, हा खिडकीपाशी... काय झालं?

आई: किती दिवसांसाठी आणलास हा दिवा?

बाबा: म्हणजे?

आई: गणवेश शिवून कधी येतोय?

बाबा: काका!

आई: त्यांच्यावर ओरडू नकोस. दहा दिवस त्यांना खोटं काम करायला लावलंस, तेवढं पुरे झालं.

बाबा: अगं, ऐकून तर घे. मी सांगणारच होतो. तू त्या कागदांत, त्या रंगांत इतकी रमली होतीस. म्हटलं, सुट्टीभर होऊ दे तुझ्या मनासारखं.

आई: मी काय भातुकली मांडली होती?

बाबा: चिडू नकोस. जरा प्रॅक्टिकल बोलू. तिला मैत्रिणी नकोत? जन्मभर त्या वाफ्यात बिया मोजत बसणार आहे का ती? त्या बाई शाळा सोडून गेल्या आता, मी नव्यांना भेटून आलोय. आणि तुझ्यापुढे विषय काढायची सोय आहे का? शाळा म्हटलं की तू उठून आत जातेस.

आई: तरी सांगायचंस. भांडले असते. दोन दिवस अबोला धरला असता. कदाचित पटलंही असतं. मैत्रिणींचं माझ्याही मनाला खातं. पण तू समोर बसून मान डोलवलीस आणि बाहेर जाऊन सांगितलंस, गोंद लावू नका. डोळे झाकून विश्वास होता रे माझा तुझ्यावर. मेल्याहून मेल्यासारखं झालंय मला.

बाबा: चुकलं माझं. कबूल.

आई: ते मी सोसेन एक वेळ. तिला काय म्हणालास शिंप्याकडे?

बाबा: काही नाही गं. आपल्या दोघांची गंमत, आईला सांगायचं नाही.

आई: एक शब्द नाही, असं म्हणालास.

बाबा: म्हणतो की आपण मुलांना असं.

आई: दुसऱ्यांच्या मुलांना. ही आपली ठकू आहे. पहिल्यांदा ती गांडुळाशी बोलली, आठवतं? वाफ्यात पालथी पडून. मग मांजराशी. मग कुठे माझ्याशी. अकरा महिने लागले. त्या दिवशी तू मोरीत जाऊन रडलास. आणि तूच तिला गप्प बसायला सांगितलंस? माझ्याशी?

बाबा: लक्षातच नाही आलं माझ्या. शप्पथ.

आई: परवापासून नुसतं "हं" आणि "नको" चाललंय. मला वाटलं, ऊन लागलं असेल. काल सरबत करून दिलं मी तिला.

बाबा: मी बोलतो तिच्याशी. आत्ताच.

आई: नळापाशी आहे. जा. आईला सगळं सांगितलेलं चालतं, एवढंच सांग. शाळेचं मग आपण दोघं बघू, समोरासमोर. आणि तो दिवा ठेव इथे. लाच नको दाखवूस तिला.

बाबा: आणि काहीच बोलली नाही तर?

आई: तर तिच्यापुढे उभा राहू नकोस. खाली बस. वाट बघ.

सुतारकाका: गेले साहेब. ताई, मी काय म्हणतो, हा कप्पा तेवढा पक्का करून टाकतो. पाच मिनिटांचं काम. भिंतीत दोन भोकं पाडली की झालं.

आई: थांबा काका. ड्रिल जरा बंदच ठेवा. ती फार हळू बोलते.