साहेबाची दोन शिटांची गाडी

राहुरीच्या स्टँडवर एसटीच्या रांगेत पुढे एक शेतकरी जोडपं उभं होतं, अन् विजयाबाईंचे कान तिकडेच लागले होते.

"अगं, साहेबाची इलायती रेसची गाडी इकायला हाय. इंजिनात पिस्टनच न्हाई, तिकोनी चकती गरागरा फिरती."

"फिरती?"

"आता न्हाई. झिजलीया. तेलबी लई पिती, शिंगणापूरच्या देवापरीस जास्त."

"मग ऱ्हाऊ द्या."

"मग आपला कानिफ घेतोय. दुरुस्त करून चांगुणेला शेजारी बसवनार म्हनं."

"माझ्या जावंला? आन् आपल्या दारावरनं नेनार?"

"रस्ता त्योच हाय."

एसटी लागली. विजयाबाई जागच्या हलल्या नाहीत; शेतकऱ्याची बायको आता काय म्हणते ते त्यांना ऐकायचं होतं.

"घ्या! आजच घ्या. बैलं जुंपून वडत आना. पन आनताना तिच्या दारावरनं आना, आन् मला आत बसवा."