नानांच्या गाडीतली दुसरी जागा

मंडळी,

मला सभेत बोलायची सवय नाही. मी रोज डायरी लिहिणारा माणूस. लिहिताना चुकलं तर खोडता येतं, बोलताना ती सोय नाही. त्यात आज नानांबद्दल बोलायचं, आणि समोर सुमनकाकू बसलेल्या. सकाळी काकूंकडे गेलो आणि विचारलं, मी नाही बोललो तर चालेल का? काकू म्हणाल्या, "कसं चालेल? पण गुणगान नको. ते बाकीचे करतील. तुम्ही पाचगणीचं सांगा."

म्हणून मी पाचगणीचं सांगणार आहे. हसू आलं तर हसा. शोकसभेत हसणं बरं दिसतं का, हा प्रश्न मलाही पडला होता. पण नानांची आठवण काढायची आणि तोंड पाडून बसायचं, हे नानांना आवडलं नसतं. निदान मला तरी तसं वाटतं. चुकत असेन तर काकूंनी मला थांबवावं.

नानांना इथं कोण ओळखत नाही? आयुष्यभर माधवनगरात माग चालवले. साठी झाली तसा कारखाना मुलाच्या, श्रीकांतच्या हवाली केला आणि पुण्याहून एक गाडी घेऊन आले. तुम्ही सगळ्यांनी पाहिलीय. लाल, परदेशी, वर टप नाही, जमिनीपासून वीतभर उंच. आणि जागा दोनच. एक चालवणाऱ्याची, एक शेजारच्याची.

काकू तबक घेऊन दारात आल्या. गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "मागं कुठं बसायचं?"

नाना म्हणाले, "मागं नाहीच."

"मग माणसं कुठं बसायची?"

"दोघंच बसायचं. तू आणि मी."

दुसरी एखादी बाई खूश झाली असती. काकूंनी बॉनेटला कुंकू लावलं, ओवाळलं, नारळ फोडला, आणि म्हणाल्या, "गाडी चांगली आहे. पण मी हिच्यात बसणार नाही."

लोकांना वाटलं, न विचारता घेतली म्हणून राग आला असेल. तसं नव्हतं. खरं कारण काकूंनी नंतर मला स्वतः सांगितलं. त्या म्हणाल्या, "रस्त्यात ओळखीचं माणूस उभं दिसलं आणि आपण हात हलवून पुढं गेलो, असं आमच्या घरात कधी झालेलं नाही. जुन्या गाडीत आम्ही आठ-आठ माणसं बसवलीत. या गाडीत बसले तर रोज कुणाला तरी 'जागा नाही' म्हणावं लागेल. ते माझ्या तोंडून यायचं नाही."

नानांना हे हसण्यावारी नेता आलं असतं. त्यांनी नेलं नाही. त्यांना काकू शेजारी हव्या होत्या, आणि काकूंचं म्हणणं खोटं नाही हेही त्यांना पटत होतं. मग ते ज्याला त्याला शेजारी बसवून सोडायला लागले. पोस्टमन, किराणावाले, लग्नाला निघालेल्या बायका. एकदा तर आमचे बाबूराव माने कोकरू मांडीवर घेऊन बसले होते. संध्याकाळी नाना घरी येऊन सांगायचे, "आज पाच जणांना सोडलं." काकू विचारायच्या, "आणि उभे किती राहिले?"

दुसऱ्या दिवशी नाना आणखी लवकर गाडी काढायचे.

आम्ही तिघं नानांचे सकाळच्या फिरण्यातले सोबती. एक चित्रकलेचे मास्तर. दुसरे माने, मूळचे दहिवडीकडचे, मुंबईला गोदीत नोकरी करून इकडं आलेले. तिसरा मी, सगळ्यांत लहान, बँकेतला. एका सकाळी नाना कागद फडकावत आले. असल्या गाड्या बाळगणाऱ्यांचा एक क्लब होता, नाना त्याचे सभासद झाले होते. क्लबचा मेळावा पाचगणीला होता. प्रत्येक मालकासोबत एक पाहुणा.

नाना म्हणाले, "तिघंही चला."

मी म्हटलं, "नाना, एकच पाहुणा लिहिलंय."

"एका वेळी एकच. बाकीचे एसटीनं या. दर स्टँडवर माणूस बदलू."

माने म्हणाले, "आवं नाना, हे म्हंजी कबड्डीगत झालं की. एक भाईर, एक आत."

काकूंच्या कानावर हे गेलं. त्या म्हणाल्या, "मीही येते. एसटीनं. असली गाडी घेणारी आणखी माणसं जगात आहेत का, ते मला बघायचंय."

तर मंडळी, आम्ही निघालो. सांगलीहून महाबळेश्वरची एसटी. आम्ही चार, पण एकाने कायम नानांच्या गाडीत असायचं, म्हणून तिकिटं काढली तीन. मला ते जरा खटकलं होतं. दोन तिकिटांवर तीन माणसं आळीपाळीनं बसली तर ते नियमात बसतं का? मी कंडक्टरला आधीच विचारून घेऊ म्हणत होतो. माने म्हणाले, "गप बसा हो. त्याला निवांत झोपू द्या की."

पण कंडक्टर झोपणाऱ्यातला नव्हता. इस्लामपूर सोडलं, त्यानं माणसं मोजली, तीन बरोबर भरली. तरी तो थांबला. म्हणाला, "मावशी, इथं मघाशी फेटेवाले पाव्हणे होते न्हवं?"

काकू म्हणाल्या, "ते गाडीत गेले. हे गाडीतनं आले."

"कुठल्या गाडीत?"

तेवढ्यात नाना हॉर्न वाजवत शेजारून गेले, आणि त्यांच्या शेजारी माने फेटा दोन्ही हातांनी धरून. कऱ्हाडपर्यंत अख्ख्या एसटीला सगळी हकीकत कळली होती. कऱ्हाडला माने उतरून आत आले तेव्हा मागच्या बाकावरचे लोक विचारत होते, "आता कुणाची पाळी?"

हे सगळं गमतीचं होतं. पण मी एक गोष्ट बघत होतो. प्रत्येक स्टँडवर नाना आधीच पोचलेले असायचे. गाडीभोवती गर्दी. ते शेजारचं दार उघडून उभे राहायचे आणि एसटीच्या खिडकीकडे बघायचे. काकू खिडकीतून म्हणायच्या, "मास्तरांना घ्या." पुढच्या स्टँडवर, "आता यांना घ्या." नाना मान हलवायचे आणि ज्याला सांगितलं त्याला घ्यायचे. इस्लामपूर, कऱ्हाड, सातारा, वाई.

वाईहून माझी पाळी होती. पसरणीचा घाट, उघडी गाडी, वारा. मी फार खूश होतो. घाटाच्या अर्ध्यात नाना म्हणाले, "सगळी स्टँडं संपली."

मी फक्त "हो" म्हणालो. यापेक्षा बरं काही सुचायला हवं होतं. अजून सुचलेलं नाही.

मेळावा एका बंगल्याच्या हिरवळीवर होता. पिवळ्या, पांढऱ्या, काळ्या, निळ्या गाड्या ओळीनं उभ्या. मालक लोक मुंबई-पुण्याचे, कोल्हापूरचे. गळ्यात रुमाल, हातात फडकं, प्रत्येक जण आपलीच गाडी पुसतोय. फाटकावरच्या स्वयंसेवकानं विचारलं, "सर, पाहुणे किती?" नाना म्हणाले, "हे एक. थोड्या वेळानं हे बाहेर जातील, मग दुसरे येतील." क्लबचे अध्यक्ष म्हणजे पुण्याचे एक उमदे गृहस्थ. त्यांनी हे ऐकलं आणि हसून सगळ्यांनाच आत बोलावलं.

जेवणाआधी काकू ओळीनं सगळ्या गाड्या बघून आल्या. एका मालकाला म्हणाल्या, "एकटेच आलात?" तो म्हणाला, "हो आंटी. शेजारी कुणी असलं की बोलत बसतं. मग इंजिनाचा आवाज ऐकू येत नाही." काकू माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "आमचे हे त्यातल्या त्यात बरे."

जेवण झालं. आता सगळ्यांनी मिळून एक फेरी मारायची होती, महाबळेश्वरच्या रस्त्यानं जाऊन परत. गाड्या सुरू झाल्या. काय आवाज होता तो, मंडळी. बघायला सगळे बाहेर आले. स्वयंपाकी, वाढपी, बंगल्याचा म्हातारा माळी आणि त्याची बायको, फाटकाशी स्ट्रॉबेरी विकणाऱ्या दोघी, मालकांच्या मागून दुसऱ्या गाड्यांत दुरुस्तीची हत्यारं घेऊन आलेले त्यांचे ड्रायव्हर. सगळे हिरवळीच्या कडेला उभे.

मी काकूंच्या शेजारी होतो. त्या स्वतःशीच म्हणाल्या, "एवढ्या जागा."

आणि त्या चालायला लागल्या. थेट अध्यक्षांच्या गाडीपाशी. "तुमच्या शेजारी कोण आहे?"

"कुणी नाही, ताई."

"मग या माळीबाबांना घ्या."

अध्यक्ष गडबडले. म्हणाले, "ताई, पण याला इन्शुरन्सचं वगैरे बघावं लागतं."

काकू म्हणाल्या, "सावकाश चालवा."

माळीबाबा बसले. त्यांची बायको पुढच्या गाडीत. एका मालकानं शेजारच्या सीटवर कॅमेऱ्याची पिशवी ठेवली होती. "ती मांडीवर घेता येणार नाही, मी चालवणार आहे," तो म्हणाला. "यांना द्या, हे धरतील," असं म्हणून काकूंनी आचारीबुवांना बसवलं. स्ट्रॉबेरीवाल्या आधी लाजत होत्या. मग एक बसली, तर दुसरी म्हणाली, "मला पिवळी पायजे." मान्यांना एका काळ्या गाडीत जागा मिळाली. आत बसल्याबरोबर ते मालकाला म्हणाले, "सायेब, लय खाली हाय की हो. आमच्याकडं मेंढरं बी एवढी खाली बसत न्हाईत." तो मालक हसायचा थांबेना. मास्तर बसले. ड्रायव्हर बसले, आपल्याच मालकांच्या शेजारी. त्यातल्या एकानं हात बांधून, ताठ, इकडंतिकडं न बघता बसून घेतलं, आणि त्याचा मालक म्हणाला, "अरे, आज तू साहेब आहेस, जरा ऐसपैस बस."

हिरवळ मोकळी झाली. राहिले दोघं. मी आणि काकू. आणि रिकाम्या जागाही दोन. एक नानांच्या शेजारी. दुसरी कोल्हापूरच्या एका गृहस्थांच्या शेजारी, पण तिथं त्यांचा कुत्रा बसलेला. चांगलाच मोठा.

काकू मला म्हणाल्या, "तुम्ही नानांच्या गाडीत बसा."

मी नानांकडे पाहिलं. ते आमच्याकडे बघत नव्हते. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होते.

मला कुत्र्यांची भीती वाटते. लहानपणापासून. पण मी तिकडं गेलो, त्या कुत्र्याला मांडीवर घेतलं आणि दार लावून घेतलं.

आता काकू एकट्या. त्यांनी मागं पाहिलं. स्वयंपाकघराकडं पाहिलं. फाटकाकडं पाहिलं. तिथं भाड्यानं द्यायचं एक घोडं बांधलेलं होतं. त्याच्याकडं त्या जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

तेव्हा नाना पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "विचारून बघ त्याला."

काकूंना हसू आलं. त्यांनी पदर खोचला आणि आल्या. गाडीत उतरता उतरता म्हणाल्या, "हे बसायचं की झोपायचं?" नानांनी दार लावलं. कुणी सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांनी एकदम हॉर्न वाजवले. माझ्या मांडीवरचा कुत्राही ओरडला.

ते दोघं त्या फेरीत काय बोलले, मला ठाऊक नाही. परत आल्यावर काकूंचे केस विस्कटलेले होते. त्या एवढंच म्हणाल्या, "बसायला बरी आहे."

मंडळी, तुम्हाला वाटेल, त्यानंतर काकू रोज त्या गाडीत बसल्या. बसल्या, पण त्यांच्या पद्धतीनं. त्याच दिवशी परतताना सुरूर फाट्यापर्यंत बसल्या आणि मग म्हणाल्या, "मास्तरांचा गुडघा दुखतोय, त्यांना घ्या." पुढं इथंही तेच. सांगलीला निघायचं, वाटेत कुणी उभं दिसलं की काकू उतरणार, त्याला बसवणार, आणि स्वतः मागून बसनं येणार. नाना पुढं जाऊन स्टॉपवर थांबायचे. मला म्हणायचे, "लग्नाला चाळीस वर्षं झाली. पण सांगलीपर्यंत सलग शेजारी बसणारी बायको मला अजून मिळायची आहे."

आता थोडंसंच राहिलं आहे. हे सांगावं की नाही, यावर मी बराच विचार केला. सकाळी काकूंना विचारलं. त्या नाही म्हणाल्या नाहीत.

मिरजेला दवाखान्यात नानांच्या कॉटशेजारी एकच स्टूल होतं. आत एकाच माणसाला सोडायचे. आणि भेटायला अर्धं गाव. काकू बसायच्या, कुणी आलं की उठायच्या. "या, बसा." स्वतः बाहेर भिंतीला टेकून उभ्या. दिवसभर हेच. शेवटच्या दिवसांतली एक दुपार. मी शहाळं घेऊन दारात पोचलो. काकूंनी मला पाहिलं आणि उठायला लागल्या. नानांचा आवाज तोवर फार बारीक झाला होता. पण मला नीट ऐकू आला.

ते म्हणाले, "आज उठू नकोस."

काकू बसल्या.

मी मागं फिरलो. बाहेर जिन्यापर्यंत माणसं होती. माने दाराशी होते, त्यांना मी सांगितलं. मान्यांनी दार ओढून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभे राहिले. जो येईल त्याला ते हळू आवाजात सांगत होते, "आत जागा न्हाई." आणि मंडळी, एकानंही मला आत सोडा म्हटलं नाही. कुणी रागावलं नाही. संध्याकाळपर्यंत आम्ही सगळे तिथं उभे होतो, आणि आत ती दोघं बसली होती.

माझं बोलणं संपलं. नानांसाठी दोन मिनिटं शांत राहू या. आपण सगळे उभे राहू.

काकू, तुम्ही उठू नका.