नऊ पत्ते हातात

...आन् वर मलाच इच्चारतेत, "भागम्मा, ह्यो अजगर आत्ता टाकू का थांबू?" आता तुमीच सांगा अक्कांनो, मी काय सांगू? माझ्या बापानं तरी कधी अजगर टाकला व्हता का? दिवे लागायच्या वक्ताला खिडकीत बसायचं, मोबाइल नाकाला टेकवायचा, आन् मी काई बोलायला गेले की हात वर... घाई न्हाई, धरून ठिवा!

नवऱ्याचं नाव मी घेत न्हाई, पर आळंदच्या बाजारात वीरभद्रप्पा तूरवाले म्हणा, कुणीबी दुकान दाखवतंय. चाळीस वर्सं झाली, तूर घ्यायची, पोती रचायची आन् बसायचं. शेजारचे समदे इकून मोकळे झाले तरी ह्ये आपले गादीवर मांडी घालून. "घाई न्हाई, धरून ठिवा." आन् दर चढतोयबी, खोटं कामून बोलू? तिथंच तर वांधा झाला. हेंना वाटलं, दुनियेत समदंच धरून ठिवल्यावर चढतंय.

तुमी म्हणाल, त्रेसष्ट वर्साचं माणूस, विभूती लावल्याबिगर पाणी न पिणारं, त्येला पत्त्यांचं येड कसं लागलं? रम्मी न्हाई हो! पैसेबिसे काई न्हाईत. ह्यात बदाम-इस्पिक न्हाईत, राक्षस हायती, अजगर हायती, चेटकिणी हायती, म्हातारे सरदार हायती. पत्ते जमवायचे, त्यातले तीस निवडायचे आन् कुठल्याबी गावच्या माणसासंगं मोबाइलवर लढायचं. आमच्या सुधारानीचा खेळ ह्यो. एकुलती लेक आमची. हैदराबादला दवाखान्यात रक्त तपासायचं काम करती. कॉलेजपासून खेळती.

अडीच वर्सांमागं तिनं लगीन केलं. संगं काम करणारा पोरगा, धम्मानंद, औरादकडला. गुणी पोरगा, कुणाला उणा शब्द बोलत न्हाई. पर जात आमची न्हाई. बास!

आता तुमाला सांगते, दर बसवजयंतीला आमचे ह्ये माइक धरून बोलतेत, आठशे वर्सांमागं बसवण्णांच्या कल्याणात जातीबाहेर लगीन कसं लागलं, त्यापायी लोकांनी जीव कसे दिले... ऐकणाऱ्याच्या डोळ्याला पाणी येतंय! आन् घरचं लगीन आलं तवा? ओरडले न्हाईत, हात उगारला न्हाई. "मला इचार करू दे," म्हणले आन् तोंड मिटलं ते मिटलंच. उगादीला, पाडव्याच्या दिवशी, दोघं आली व्हती. पोरगी उंबऱ्याशी उभी, हातात बापासाठी धोतरजोडी, आन् बाप मागच्या दारानं बाजारात! सणाचा दिवस, बाजार बंद, अक्कांनो. बंद दुकानात जाऊन बसले. पोरीनं धोतरजोडी माझ्या हातात दिली. "अव्वा, अप्पांना बोलावं वाटलं तर बोलतील. मी आता आपनहून त्येंना फोन करणार न्हाई," म्हणाली आन् गेली. दुपारच्याच बसनं गेली. जेवलीबी न्हाई.

त्या दिवशी मी पैल्यांदा हेंच्यावर तोंड सोडलं. तर काय म्हणले ठावं हाय? "शब्द हाय माझ्यापाशी, भागम्मा. येळ आली की देतो. घाई न्हाई..." अवं, शब्द म्हंजे काय तूर हाय व्हय? मला लई वाईट वाटलं. माझ्या पोटची पोर एकीकडं, कुंकवाचा धनी एकीकडं, आन् दोघांच्यामधी मी. पोरीचा फोन आला की परसात जाऊन बोलायचं, पाठमोऱ्या हेंनी ऐकायचं आन् ऐकलं न्हाई म्हणायचं. दोन वर्सं असंच!

मग यंदाची संक्रांत झाली आन् ह्ये गल्लीतल्या महादेवप्पांकडं जाऊन बसायले. रिटायर पोस्टमास्तर त्ये, पर हेच पत्ते खेळतेत, नातवंडं हरतेत त्येंच्यापुढं. मला कळंना, ह्येंना तिथं काय काम? महादेवप्पांनीच सांगितलं, "वैनी, ह्या खेळात बोलायची सोयच न्हाई. सहा बटनं हायती. नमस्कार, आभार, शाब्बास, बापरे, आता बघ, आन् चुकलं. ह्याच्यापरीस जास्ती काईच बोलता येत न्हाई." तवा माझ्या डोस्क्यात उजेड पडला. सहातलं एकच बटन पाहिजे व्हतं माझ्या माणसाला. त्यापायी समदा खेळ शिकायलेत!

आन् शिकणं कसलं ते! महादेवप्पा बोंबलायलेत, "वीरभद्रप्पा, दर पाळीला जेवढी ताकद मिळती तेवढी त्याच पाळीला वापरा, म्होरल्या पाळीला ती उरत न्हाई!" ह्ये म्हणतेत, घाई न्हाई. "अवो, हातात धा पत्ते झाले की अकरावा जळून जातो!" "जळू द्या, धा तर ऱ्हायले!" "त्यो म्हातारा सरदार म्होरं ठिवा, मार त्यो खातो, तुमी वाचताव!" तर ह्ये म्हणतेत, "वडीलधाऱ्याला मार खायला म्होरं कोण घालतंय, मास्तर?" महिनाभर हरले, एक दिवस न चुकता! महादेवप्पांनी सांगितलं, नाव खोटं घ्या, म्हंजे पोरगी वळखणार न्हाई. ह्येंनी नाव काय घातलं? वीरभद्रेश्वर तूर ट्रेडर्स, आळंद! झालं. लपले!

एका सांजेला लेकीला खेळायचं बोलावणं धाडलं. महादेवप्पा एका अंगाला, मी एका अंगाला. तिनं ते घेतलं आन् पलीकडनं आलं, नमस्कार. ह्येबी नमस्कार दाबायला गेले आन् दाबलं काय? आता बघ! अगं माय! दोन वर्सांनी बापानं लेकीला काय सांगितलं, तर आता बघ! मी कपाळाला हात लावला. ह्ये घाबरले आन् मग दाबलं... चुकलं. थोड्या येळानं परत, चुकलं. पत्ता टाकायचं इसरले, पाळी जायली, पोरगी मारायली, आन् ह्ये नुस्तं चुकलं, चुकलं, चुकलं. मी मोजले, अकरा बार. चाळीस वर्सं संसार केला, पर ह्या माणसाचं तोंड असं कधी बघितलं नव्हतं मी. डाव संपला. हरले. महादेवप्पा चपला घालून निघून गेले.

आन् फोन वाजला. माझा न्हाई, हेंचा!

"अप्पा, हातात नऊ पत्ते घेऊन कामून मेलाव?"

दोन वर्सांनी बापाशी पैलं बोलणं हे, अक्कांनो. ह्ये म्हणले, "सुधा, चुकलं माझं." तिकडनं म्हणाली, "व्हय, दिसलं मला. अकरा बार." आन् दोघंबी रडायले, मी तर आधीपासूनच रडायले व्हते. मग नाक वढून तीच म्हणाली, "आता ऐका. सुरुवातीला हलका पत्ता टाकायचा. भारी पत्त्याची वाट बघत बसायचं न्हाई. डाव सरल्यावर हातातल्या पत्त्याचा काई उपेग न्हाई, अप्पा." ह्ये म्हणतेत, "व्हय. व्हय, बाई." आन् मग खाली बघून, "जावई काय करायलेत?" "भांडी घासायलेत." "बरं... बोलायचं व्हतं त्येंच्यासंगं. घाई न्हाई..." म्हणले आन् आपलीच जीभ चावली. "न्हाई न्हाई, आत्ताच बलव!"

तवापासून रोज सांजेला खेळ, आन् खेळ सरला की फोन. अप्पा, हे चुकलं, अप्पा, ते चुकलं. चार महिने झाले. आता खरं सांगू? ह्येंना समदं येतंय. आयतवारी महादेवप्पांना लागोपाठ तीनदा हरवलं! आन् लेकीसंगं बसले की परत हातात नऊ पत्ते. मी इच्चारलं, कामून? तर म्हणले, "शिकलो म्हणून कळलं तर फोन कामून करंल ती?"

बरं, ही झाली बापाची तऱ्हा. परवा लेक मला हळूच म्हणायली, "अव्वा, अप्पा हरले की लगेच डाव सरतोय, म्हणून मीबी आता पत्ते धरून ठेवायले." म्हंजे बघा! बाप हरायला बसलाय, लेक जिंकंना झालीय, आन् डाव काय सरंना. तवा अक्कांनो, खेळ शिकायला आमच्या घरी कुणाला धाडू नका. काल दोघांनी मिळून दीड घंटा काढला, कुणी मरंना. मी माझ्यापुरतं वाढून घेतलं आन् जेवले.